कॅम्परच्या रबरी टपावर ओरखडा पडलाय? या चुका टाळा

पेंचच्या जंगलाकडे, सिल्लारीच्या वाटेवर बाभळीची एक फांदी जरा खाली आली होती. कॅम्परची, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या माझ्या गाडीची, उंची लक्षात आली ती टपावर 'खर्रर्र' आवाज झाल्यावरच. हातभर लांब ओरखडा. फांदीनं केलेलं नुकसान तासाभरात निस्तरलं असतं, खरी नासाडी मी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं केली.

ओळखीच्या एका पेंटरला विचारलं, आधी साफ कशानं करू? "थिनरनं पुसा न भाऊ, काही नाही होत." पुसलं. थोड्याच वेळात तेवढी जागा ओल्या पापडासारखी फुगून सुरकुतली. टपावरचं रबर बहुधा ईपीडीएम, म्हणजे एक प्रकारचं कृत्रिम रबर, असतं. थिनर, पेट्रोल, रॉकेल, डिझेल ते पिऊन घेतं आणि फुगतं, खालचा गोंदही सुटतो. घराच्या गच्चीवर लावतात ते डांबर याच कारणानं इथं चालत नाही. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. पट्टी चिकटवायची असेल तेव्हाच ती जागा शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची.

पण त्याआधी, आपला टप खरंच रबरी आहे का ते बघा. आपल्याकडे बांधलेल्या बऱ्याच गाड्यांचा टप फायबरचा किंवा पत्र्याचा असतो, त्याची दुरुस्ती वेगळी. जुन्या ईपीडीएमवर हात फिरवला की तळहाताला पांढरी भुकटी लागते. पांढऱ्या थराखाली बहुतेक वेळा काळं रबर असतं, म्हणून साधा ओरखडासुद्धा काळा दिसतो आणि माणूस घाबरतो. नख फिरवून पाहा. नख अडकलं नाही तर फक्त वरचा थर खरवडलाय. ईपीडीएमला चालणारं कोटिंग लावलं की झालं. रबर जेमतेम मिलिमीटरभर जाड असतं. आरपार चीर असेल तर तळव्यानं आजूबाजूला दाबा. रबराखालचं प्लायवूड मऊ लागलं, तर पाणी आधीच आत गेलंय आणि प्रकरण ओरखड्याचं राहिलेलं नाही. ओल्या लाकडावर पट्टी मारणं म्हणजे पाणी आत कोंडणं.

सिलिकॉनची ट्यूब घरात असते, म्हणून हात तिच्याकडे जातो. जाऊ देऊ नका. ईपीडीएमवर सिलिकॉन नीट धरत नाही, आणि नंतर त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. आधी तेच खरवडत बसावं लागतं. इपॉक्सी पुट्टी कडक होते, रबर उन्हात ताणतं, मग कडेनं तडा. छोट्या चिरेला रबरी टपासाठीचं लॅप सीलंट (फटी बुजवणारी, स्वतः पसरणारी लवचिक पेस्ट), लांब चिरेला ब्युटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. टेप चिरेच्या चहूबाजूंनी दोन इंच बाहेर जायला हवी. कोपरे कात्रीनं गोल करा; चौकोनी कोपरा आधी उचलतो. मग रोलरनं मधून कडेकडे दाबत न्या. आतली हवा निघेपर्यंत घाई नको.

आता वेळ. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, भर दुपारी टपावर चढणारे मी पाहिलेत (एकदा आरशात). मे महिन्यात नागपूरचा पारा 45 पार करतो, टप त्याहून कितीतरी तापतो. स्वतः पसरणारं सीलंट तेव्हा पातळ होऊन उताराला वाहतं. सकाळी सात-आठचा मुहूर्त धरा, आणि मृगाचा पाऊस येण्याआधी मोकळं व्हा. वर जाताना चपला खाली काढा, तळव्यात रुतलेला एक खडा नवा ओरखडा पाडतो. वजन पसरायला गुडघ्याखाली प्लायची फळी ठेवा.

आणि एवढं करूनही आत पाणी टपकलं तर लगेच पट्टीला दोष देऊ नका. पाणी शिरतं एकीकडे, टपकतं भलतीकडे. टपावरच्या पंख्याच्या, एसीच्या आणि अँटेनाच्या कडेचं सीलंट अनेकदा आधी तडकतं. पाईप घेऊन खालच्या टोकापासून वर एकेक जागा भिजवत जा आणि एकाला आत बसवा. माझ्याकडे पहिला थेंब पंख्याच्या चौकटीतून पडला, पट्टीखाली कोरडं ठाक होतं.