लग्नपत्रिकेवरील नाजूक इटालिक अक्षरांच्या रेघा तुटू नयेत म्हणून

पत्रिकेवर वधूवरांची इंग्रजी नावे प्लेफेअर डिस्प्ले किंवा बोडोनी यांसारख्या इटालिक फॉन्टमध्ये घेतली की पडद्यावर फार देखणी दिसतात. मात्र छापून आल्यावर त्यांतील केसासारख्या बारीक रेघा तुटतात आणि छोट्या ‘एम’चे पाय एकमेकांपासून सुटल्यासारखे दिसतात. कोल्हापुरात लग्नसराईच्या तोंडावर पत्रिका छापायला देताना पुढील काळजी घ्यावी.

१. हा फॉन्ट केवळ नावांसाठी, शक्यतो २४ पॉइंटांहून मोठा वापरावा. स्थळ, मुहूर्त आणि मोबाइल क्रमांक साध्या उभ्या फॉन्टमध्येच द्यावेत.

२. गडद मरून पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवायची असल्यास आजूबाजूची शाई पसरून बारीक रेघा बुजतात, म्हणून त्याच फॉन्टचा बोल्ड इटालिक प्रकार निवडावा. सोनेरी फॉइलसाठीही हाच प्रकार बरा. तिथे बारीक रेघ नीट उमटतच नाही.

३. ऑर्डर देण्यापूर्वी त्याच कागदावर, प्रत्यक्ष आकारात एक नमुना काढून घ्यावा आणि तो हातभर अंतरावरून वाचून पाहावा. मोबाइलवर मोठे करून पाहिलेल्या चित्रावर संमती देऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती.

एक खबरदारी: या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. मराठी मजकुराला इटालिकचे बटण दाबल्यास सॉफ्टवेअर दुसऱ्याच फॉन्टची अक्षरे यांत्रिकपणे तिरकी करते व काना-मात्रा कलंडल्यासारख्या दिसतात, त्यामुळे ‘श्री अंबाबाई प्रसन्न’ ही ओळ सरळच ठेवावी.