फाटकावरच्या या चुका टाळा : लाइन आता एकेरी राहिलेली नाही

सांगली जिल्ह्यातल्या ताकारी, भिलवडी, नांद्रे या पट्ट्यात रेल्वे फाटकावर रोज दिसणारं दृश्य आहे. गाडीचा शेवटचा डबा सरकतो न सरकतो तोच दांड्याखालून मोटारसायकली आडव्या करून माणसं रुळावर जातात. मागं दुधाचे कॅन, पुढं टाकीवर शाळेचं पोरगं. दांडा अजून खालीच असतो.

ही सवय एकेरी लाइनच्या काळातली आहे. तेव्हा गाडी गेली म्हणजे गेली. पुणे-मिरज मार्गावर आता दुसरा रूळ पडला आहे. समोरून जाणाऱ्या गाडीआड उलट दिशेनं येणारी दुसरी गाडी दिसतच नाही, आणि पहिलीच्या खडखडाटात तिची शिट्टीही ऐकू येत नाही. त्यात विजेचं इंजिन डिझेलसारखं लांबून धडधडत येत नाही. गाडी गेल्यावरही फाटक उघडत नसेल, तर गेटमन आळशी आहे असं समजू नका. दुसरी गाडी येत असते.

‘अजून लांब आहे’ हा अंदाज तर हमखास चुकतो. सरळ समोरून येणारं इंजिन बराच वेळ ठिपक्याएवढंच दिसतं आणि मग एकदम अंगावर येतं. ताशी 100 किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला 28 मीटर कापते. ड्रायव्हरनं आपल्याला पाहून आपत्कालीन ब्रेक मारला, तरी ती थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. रुळाकडेला डोक्याएवढा ऊस उभा असला की ती दिसते तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

आता ट्रॅक्टरवाल्या भावांसाठी. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर 15 मीटरच्या आसपास भरतो. दोन्ही रूळ ओलांडून शेवटची ट्रॉली बाहेर निघेपर्यंत तो सुमारे 25 मीटर चाललेला असतो. भरल्या उसानं ताशी पाचच्या वेगात याला 18 सेकंद लागतात, तेवढ्यात गाडी अर्धा किलोमीटर येते. म्हणून गिअर फाटकाआधीच खाली घ्या, रुळावर बदलू नका. ट्रॉलीची पिन आधी उतरून बघा. पलीकडं आपली शेवटची ट्रॉली मावेल एवढी जागा मोकळी झाल्याशिवाय पुढचं चाक रुळावर घालू नका.

ती जागा मोकळी होत नाही, याला कारण आपणच. फाटक पडलं की दोन्हीकडं अख्खा रस्ता भरतो, उजवी बाजूसुद्धा. उघडल्यावर दोन्ही रांगा रुळावरच तोंडाला तोंड लावून उभ्या. गेल्या हंगामात आमच्या गावाजवळ अशाच कोंडीत उसाची ट्रॉली अडकली होती. गेटमनला दांडा खाली घेता येईना, आणि तो प्रत्येकाला हात जोडून मागं सारत होता. त्याचे ते जोडलेले हात अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. डावीकडं एकच रांग लावली, तर हे होणारच नाही.

रुळावर आपलं वाहन बंद पडलंच तर आधी माणसं उतरवा. ऊस, मोबाईल, कागदपत्रं राहू द्या. लगेच गेटमनला सांगा. बऱ्याच फाटकांवर फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, पण गाडी सिग्नल ओलांडून पुढं आली असेल, तर त्याला लाल बावटा घेऊन धावावं लागतं. त्याचा प्रत्येक सेकंद मोलाचा आहे. त्याच्याशी हुज्जत घालू नका. गाडी दिसायला लागली तर वाहन सोडा आणि रुळापासून दूर, पण गाडी येते त्या बाजूला तिरकं पळा. धडकेनंतर लोखंड पुढच्या दिशेला उडतं.

फाटकाआधीची लोखंडी चौकट ही वरच्या तारेसाठी आहे. त्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. चौकटीला लागेल असा माल नेऊ नका, आणि मोळ्यांवर माणूस बसवून तर अजिबात नाही.

पावसात भुयारी मार्ग भरला की गाडी ढकलत रुळावरून नेणारेही बरेच आहेत. तिथं ना दांडा, ना गेटमन. तीन किलोमीटरचा वळसा पडला तरी चालेल, पण फाटकावरूनच जा.

बंद फाटक स्वतः उघडलं तर रेल्वे कायदा 1989 च्या कलम 160 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे, फाटक तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. ‘उघड की रं, लगेच जातो’ असं गेटमनला म्हणणारे कुणाकुणाची मुलं-माणसं गाडीत बसवून म्हणतात, ते मी पाहिलं आहे. तो उघडणार नाही. त्याला उघडायला लावू नका.