लेझरनंतर पाय किती सुधारला, ते मोजायचं कसं

फुगलेल्या शिरांवर लेझर किंवा आरएफए (रेडिओ लहरी) करून, म्हणजे उष्णतेनं शीर आतून बंद करून, माणूस नागपूर-वर्ध्याहून गावी येतो. पुढचं वर्षभर त्याचा पाय बघतो आम्हीच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. "आता कसं वाटते?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरं हाये मॅडम." गुडघ्यापर्यंत सूज असली तरी बरंच असतं! म्हणून हा प्रश्न मी सोडून दिला.

कामाचं विचारा. दिवसभर कापूस वेचला तर संध्याकाळी पाय भरून येतात का? दुखण्यापायी वेचणी अर्ध्यावर सोडावी लागते का? रात्री पोटरीत गोळे येतात का? हेच प्रश्न लेझरच्या आधी विचारून लिहिलेले हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? रेफरची चिठ्ठी लिहितानाच पहिला कागद भरून ठेवा.

डॉक्टर लोक व्हीसीएसएस नावाचा गुणतक्ता वापरतात. दुखणं, शिरा, सूज, काळपटपणा, कातडी कडक होणं, जखमा असे 10 मुद्दे, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 30. आकडा उतरला की सुधारणा. पण त्यात एक गोम आहे. दाबाचे मोजे नियमित घालणाऱ्याला त्या रकान्यात 3 मिळतात, न घालणाऱ्याला 0. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा मोजे खुंटीवर जातात. मग पाय होता तसाच राहतो आणि आकडा मात्र 3 ने कमी दिसतो. मोज्यांचा रकाना वेगळा लिहा, बेरीज त्याच्याशिवायही करून बघा.

सूज टेपनेच मोजायची, डोळ्यांवर भरवसा नको. जमिनीपासून किती सेंटिमीटरवर टेप लावली ते कागदावर लिहा, दर वेळी तिथंच लावा, दुसऱ्या पायाचंही माप घ्या. वेळ तीच ठेवा. सकाळचा पाय आणि वावरातून आल्यावरचा पाय यांची तुलना होत नाही. डिसेंबरचा पाय मेच्या पायाशीही ताडू नका, उन्हाळ्यात सूज वाढतेच.

घोट्याजवळ जखम असेल तर तिच्यावर जास्त वेळ द्या. स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचे दोन थर घ्या, खालचा जखमेला टेकवा, वरच्यावर मार्करने कड गिरवा. खालचा फेकून द्या. वरचा आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजा, अर्ध्याहून जास्त भरलेला तो एक धरा. कोपऱ्यात तारीख टाका. मागचा आणि आजचा कागद एकावर एक धरला की घरच्यांनाही समजतं, वेगळं सांगावं लागत नाही. जखम पूर्ण बुजली तो दिवस नक्की लिहा. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एव्हरा अभ्यासात हेच मोजलं होतं: शिरेचा उपचार लवकर केलेल्यांतल्या निम्म्या लोकांची जखम 56 दिवसांत भरली, उशिरा केलेल्यांत त्याला 82 दिवस लागले. दाबाची पट्टी दोन्ही गटांना होती.

शीर खरंच बंद झाली का, हे फक्त डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) सांगते. पाय हलका वाटतो म्हणून शीर बंद असेलच असं नाही, आणि उलटही होतं. रिपोर्टची झेरॉक्स मागून घ्या. त्यात बघा, तपासणी उभं करून केली का आणि रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहतं का. पहिल्या आठवड्यातली डॉप्लर चुकवू देऊ नका. बंद केलेल्या शिरेतली रक्ताची गुठळी खोल शिरेकडे सरकत नाही ना, हे तेव्हाच कळतं. एकाच पोटरीला अचानक सूज आली किंवा दम लागला, तर टेप, तक्ता सगळं बाजूला ठेवा आणि 108 ला फोन लावा.

मांडीच्या किंवा पोटरीच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का, हेही विचारा. माणसं स्वतःहून सांगत नाहीत. "लेझर केलं, तर होतेच" असं धरून बसतात.