कंपायलर चुकीचे डिफॉल्ट आर्ग्युमेंट मुकाट्याने स्वीकारतो तेव्हा

पणजीतील आमच्या कार्यालयात रिबंदर–चोडण फेरीबोटीवर बेतलेला सरावाचा एक सी++ प्रोग्राम होता. त्यातील 'भाडे' हे टेम्प्लेट फंक्शन (संख्या, स्ट्रिंग अशा वेगवेगळ्या प्रकारांसाठी एकदाच लिहिलेले फंक्शन) अंतर आणि दर असे एकाच प्रकाराचे दोन पॅरामीटर घेत असे, आणि दराचे डिफॉल्ट मूल्य, म्हणजे फंक्शन वापरताना दर न दिल्यास आपोआप धरले जाणारे मूल्य (डिफॉल्ट आर्ग्युमेंट), कोणीतरी अवतरणचिन्हांत 'दहा' असे अक्षरी लिहून ठेवले होते. प्रत्येक ठिकाणी दोन्ही मूल्ये दिली जात असल्यामुळे ही चूक कित्येक महिने कोणाच्या लक्षात आली नाही; ज्या दिवशी एकाने फक्त अंतर दिले, त्या दिवशी कंपायलरने पडदाभर एरर ओतले.

अशा वेळी कंपायलरला दोष देण्याआधी नियम तपासावा. टेम्प्लेटमधील डिफॉल्ट आर्ग्युमेंट प्रत्यक्ष वापरले जाईपर्यंत कंपायलर ते त्या प्रकारासाठी तपासत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तोच प्रकार स्ट्रिंग (अक्षरी मजकूर) असता तर 'दहा' हे मूल्य बिनतक्रार चालले असते. म्हणून टेम्प्लेट लिहिल्यावर डिफॉल्ट मूल्यावर विसंबणारा निदान एक कॉल चाचणीत हमखास ठेवावा.

साध्या फंक्शनचे नियम कडक आहेत. एका पॅरामीटरला डिफॉल्ट दिले की पुढच्या सर्वांना ते असावे लागते. मात्र त्याच व्याप्तीतील (स्कोप, म्हणजे ते नाव कोडच्या ज्या भागात लागू असते तो भाग) आधीच्या डिक्लरेशनमध्ये (फंक्शनच्या घोषणेत) दुसऱ्या पॅरामीटरला डिफॉल्ट दिलेले असेल, तर नंतर केवळ पहिल्याला दिलेले चालते. मी स्वतः एकदा असा कोड कंपायलरचा बग समजलो होतो. उलट, तेच डिफॉल्ट त्याच व्याप्तीत पुन्हा देणे, मूल्य तंतोतंत सारखे असले तरी, चूकच ठरते. जीसीसी या कंपायलरला 'परमिसिव्ह' (सैल तपासणीचा) पर्याय दिलेला असल्यास ही चूक केवळ वॉर्निंग देऊन सोडली जाते. त्यामुळे जुन्या मेकफाइलमध्ये (कंपायलरला द्यायच्या कमांडांच्या फाइलीत) तो पर्याय लपलेला नाही ना, हे आधी पाहावे.

सर्वांत फसवा प्रकार दोन फाइलींचा. एकाच इनलाइन फंक्शनला (ज्याची व्याख्या अनेक फाइलींत असू शकते अशा फंक्शनला) एका फाइलीत एक डिफॉल्ट आणि दुसरीत वेगळे दिले, तर प्रोग्राम चुकीचा ठरतो. पण कंपायलर एका वेळी एकच फाइल पाहत असल्याने तक्रार करण्याचे बंधन सी++च्या मानकाने (भाषेच्या अधिकृत नियमावलीने) त्याच्यावर घातलेले नाही. यावर उपाय एवढाच, की डिफॉल्ट मूल्ये हेडरमध्ये (अनेक फाइलींत समाविष्ट होणाऱ्या सामाईक फाइलीत) एकाच जागी लिहावीत.

इतके तपासूनही शंका उरली, तर कोड छाटत छाटत चार-पाच ओळींवर आणावा, 'पेडँटिक एरर्स' हा (मानकाचे काटेकोर पालन करायला लावणारा) पर्याय लावून तो जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांवर चालवावा. एकाने नाकारले आणि दुसऱ्याने स्वीकारले, तर मानकातील डिफॉल्ट आर्ग्युमेंटांचा भाग शब्दशः वाचून कोण चुकले ते ठरवावे. दोन्ही गप्प राहिले, तर आपलेच वाचन पुन्हा तपासावे. तक्रार नोंदवताना कंपायलरची आवृत्ती, दिलेली पूर्ण कमांड, तो छोटा कोड आणि मानकातील नेमके वाक्य द्यावे. मूळ प्रोग्राम जोडू नये.