घाटातली वेळ अ‍ॅपवर नीट कशी आली (माझा अनुभव)

सोलापूरकरांना चढ म्हणजे उड्डाणपूल, नाहीतर थेट तुळजापूरचा घाट. सायकलने घाट चढून आलो तरी स्ट्राव्हावर (राइड नोंदवणाऱ्या अ‍ॅपवर) माझं सेगमेंट, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्याची वेळ, कधी दिसायचं, कधी गायब. मित्राचं मात्र दर वेळी हजर! नकाशा मोठा करून पाहिला, तर वळणांवर माझी रेघ रस्ता सोडून डोंगरातून सरळ गेलेली. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायला फोन लोकेशन घेणंच थांबवत होता. रेघ सेगमेंटच्या रस्त्याशी जुळली नाही तर वेळ येणार कुठून?

फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढलं आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवला. निघण्याआधी मोकळ्यावर थांबून जीपीएस लागू देतो. तेव्हापासून रेघ रस्त्यावरच आहे.

आता तुलनेचं. घाटात पाणी प्यायला थांबलात तरी सेगमेंटचं घड्याळ चालूच राहतं, ऑटो-पॉजचा (थांबलं की नोंद आपोआप थांबवणाऱ्या सोयीचा) तिथे काही उपयोग नाही. मी सरासरी वेगापेक्षा ताशी किती मीटर उंची चढलो ते पाहतो: १२० मीटर ८ मिनिटांत, म्हणजे ताशी ९००. तीव्र चढावर हा आकडा आपोआप वाढतो, म्हणून उड्डाणपुलाची घाटाशी तुलना करून मिशीला पीळ देऊ नये. त्याच चढावरची आपलीच जुनी वेळ घ्यावी, तीही वारा साधारण सारखा असलेल्या दिवसाची. आपल्याकडचं समोरचं वारं मिनिटं सहज खातं.