पापे पदरी घेताना: कन्फेशनला कसं जावं, आणि कोणत्या चर्चमध्ये काय वेगळं

योहानाच्या पहिल्या पत्रात (1:9) मराठी बायबलने फार नेमके शब्द वापरले आहेत: ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली...’ पदरी घेणं म्हणजे हे माझं आहे म्हणणं. सासूचं नाही, साहेबाचं नाही, परिस्थितीचं नाही. इथपर्यंत कॅथलिक, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, हे प्रोटेस्टंट चर्च), ऑर्थोडॉक्स, पेंटेकोस्टल सगळे एकमत. वाद पुढे सुरू होतो: पदरी घ्यायची ती कोणासमोर, आणि क्षमा झाली हे कोणी सांगायचं? खाली मुख्यतः कॅथलिक प्रायश्चित्त संस्काराची रीत दिली आहे. कोकणीत त्याला कुमसार म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात सगळेच कन्फेशन म्हणतात. घरात दोन चर्चची माणसं असतील तर कुठे गल्लत होते, तेही ओघात येईल.

आधी तुम्ही कोण, ते पाहा

बाप्तिस्मा झालेले कॅथलिक असाल तर सरळ तयारीला लागा. बाप्तिस्माच झाला नसेल तर फादरशी बोलता येईल, आशीर्वादही मिळेल, पण हा संस्कार मिळणार नाही. प्रौढपणी बाप्तिस्मा घेणाऱ्याची तोवरची सगळी पापं बाप्तिस्म्यातच धुतली जातात, म्हणून त्याआधी त्याला कन्फेशन लागतच नाही. नगरकडचा सी.एन.आय.चा जावई कॅथलिक व्हायचं म्हणतो, तेव्हा मात्र उलट होतं. त्याचा बाप्तिस्मा चर्च मान्य करतं, तो पुन्हा देत नाहीत, पण स्वीकारविधीच्या आधी त्याने कन्फेशन करायचं असतं.

कॅथलिक न होता तो नुसता बायकोमागे रांगेत उभा राहिला तर? मरणाचा धोका किंवा तितकीच गंभीर गरज सोडली, तर फादर त्याला पापमुक्ती देऊ शकत नाहीत. ऑर्थोडॉक्स माणसाने स्वतःहून मागितली आणि त्याची तयारी असली, तर देता येते. यावरून घरात रुसवेफुगवे होतात, पण हा फादरांचा ताठरपणा नसतो. 1983 च्या चर्च कायद्याच्या 844 व्या कलमातच हे लिहिलं आहे.

तयारी: पंधरा-वीस मिनिटं पुरतात

गंभीर पाप वर्षातून एकदा तरी सांगायचं, हा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून (कॅथलिक बिशपांची मोठी सभा) आहे. गंभीर पापालाच मॉर्टल सिन म्हणतात. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब मुळात गंभीर असणं, ती गंभीर आहे हे माहीत असणं, आणि तरीही राजीखुशीने करणं. यातली एक जरी कमी पडली तरी पाप त्या जातीचं नाही. झोपेच्या गोळीच्या अमलाखाली तोंडून गेलेला शब्द आणि शांतपणे बसून केलेली खोटी सही, दोन्ही एका मापाने मोजू नयेत. किरकोळ पापं सांगायची सक्ती नाही, पण सांगावीत.

आता दहा आज्ञा घेऊन बसा. इथेच पहिला खड्डा आहे. कॅथलिक आणि लूथरन मोजणीत मूर्तीबद्दलची आज्ञा पहिलीतच धरली आहे आणि लोभाच्या आज्ञेचे दोन भाग केले आहेत. सी.एन.आय.सारख्या बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये आणि ऑर्थोडॉक्सांत मूर्तीची आज्ञा वेगळी, दुसरी. त्यामुळे कॅथलिकांची सहावी आज्ञा म्हणजे व्यभिचार, आणि प्रोटेस्टंटांची सहावी म्हणजे खून. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलेल्या क्रमाने कोणी ‘फादर, सहावी आज्ञा मोडली’ म्हणाला, तर काय गोंधळ उडेल ते बघा. आकडे सांगूच नका. केलं काय, ते सांगा.

गंभीर पापाचा प्रकार आणि संख्या, दोन्ही लागतात. 1551 साली ट्रेंटच्या परिषदेने हे ठरवून टाकलं. त्यामागची कल्पना अशी, की फादर तिथे न्यायाधीशासारखे आणि वैद्यासारखे बसलेले असतात, आणि दुखणं न सांगता औषध कसं मिळणार? नेमका आकडा आठवत नसेल तर ‘आठवड्यातून एकदा, साधारण दोन वर्षं’ एवढंही चालतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे, लोक पापाऐवजी गोष्ट सांगतात म्हणून. ‘फादर, सासूबाई फार बोलतात, त्या दिवशी नेमके पाहुणे, त्यात भाजीत मीठ कमी पडलं, मग माझाही तोल गेला’ हे सासूबाईंचं कन्फेशन झालं. आपलं एवढंच: ‘पाहुण्यांसमोर सासूबाईंचा अपमान केला. महिन्यातून तीन-चार वेळा असं होतं.’ दुसऱ्या टोकाला ‘फादर, माणूस आहे, चुका होतातच’ म्हणणारे असतात. यातून काहीच कळत नाही. दुकानदार असाल तर ‘व्यवहारात थोडं इकडेतिकडे’ म्हणू नका. ‘वर्षभर वजनात मारतोय’ म्हणा. पापात सामील असलेल्या दुसऱ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि फादरांनीही ते विचारायचं नाही.

कागदावर टिपून नेलं तरी हरकत नाही. परत आल्यावर तो फाडून टाका, म्हणजे धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात घरच्यांना सापडणार नाही.

आत गेल्यावर

गुडघे टेकून जाळीआड बोलायचं की समोर बसून, हे तुम्ही ठरवा. जाळीची लाकडी पेटी तशी फार जुनी नाही. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी तिचा आग्रह धरला आणि 1577 मध्ये चर्चबांधणीच्या सूचनांत ती कशी असावी ते लिहिलं. त्याआधी लोक फादरांसमोर उघड्यावरच बसत.

क्रूसाची खूण करा. ‘फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. शेवटच्या कन्फेशनला आठ महिने झाले’ अशी सुरुवात करा. आठ महिन्यांऐवजी अठरा वर्षं झाली असतील तर तेही तसंच, त्याच आवाजात. विवाहित आहात की नाही हे सांगितलं तर फादरांना समजायला सोपं जातं. मग पापं सांगा. सर्वांत जड असेल ते आधी. शेवटाला ठेवलेलं पाप बहुतेकदा सांगायचंच राहतं, किंवा इतकं पुटपुटलं जातं की समोर पोचत नाही. संपल्यावर ‘यांची आणि न आठवलेल्या सगळ्या पापांची क्षमा मागतो’ म्हणा.

फादर दोन शब्द सांगतील, प्रायश्चित्त देतील आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला लावतील. पाठ नसेल तर लूक 18:13 मधल्या जकातदाराचं वाक्य म्हणा: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ ते पुरतं. मग फादर हात पुढे करून पापमुक्तीचे शब्द उच्चारतात: ‘...पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने मी तुला पापमुक्त करतो.’ संस्कार घडतो तो या शब्दांनी, म्हणून ते संपेपर्यंत उठू नका. घाईघाईने निघून गेलेल्यांना परत बोलवावं लागतं.

ही सगळी पाच ते दहा मिनिटांची गोष्ट आहे. जुनं, गुंतागुंतीचं काही असेल तर शनिवारच्या रांगेत उभं राहू नका, आधी वेळ मागून घ्या. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, तर कोणालाच निवांतपणा नसतो. राखेच्या बुधवारनंतरचे (तिथून उपवासकाळ सुरू होतो) पहिले दोन-तीन आठवडे त्यासाठी उत्तम.

कुठे चुकतं

गंभीर पाप विसरून राहिलं तर तेही क्षमेत आलंच. पुढच्या वेळी आठवलं की सांगायचं. जाणूनबुजून लपवलं तर मात्र ते अख्खं कन्फेशन वाया. पुढे सगळं पुन्हा सांगायचं, वर लपवल्याचंही. आपल्याच पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, फादरांसमोर लाज वाटते म्हणून लोक लपवतात. त्यावर उपाय सोपा आहे: दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जा. अधिकार असलेला कोणताही फादर चालतो.

फोनवर, व्हिडिओ कॉलवर, व्हॉट्सअपवर पापमुक्ती मिळत नाही. परदेशात भाषेची अडचण असेल तर दुभाषा घेता येतो (कलम 990), आणि गुप्ततेचं बंधन त्या दुभाष्यावरही येतं. फादरांवर तर ते सर्वांत कडक. थेट फोडलं तर ते आपोआप धर्मबहिष्कृत होतात. न फोडताही, तुमचं नुकसान होईल असा त्या माहितीचा वापर त्यांना करता येत नाही.

मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) सुरुवातीला सगळे मिळून ‘मी सर्वसमर्थ देवाजवळ कबूल करतो’ म्हणतात, त्याने गंभीर पापाची पापमुक्ती होत नाही. ती झाल्याशिवाय कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घेऊ नये.

चोरीचं पाप सांगून पैसे खिशातच ठेवले तर पश्चात्ताप कसला? भरपाई करायची. नाव जाहीर न करता, मध्यस्थामार्फत परत केलं तरी चालतं. प्रायश्चित्त म्हणून दिलेली प्रार्थना विसरलात तर पुढच्या वेळी सांगा. दिलेली गोष्ट झेपण्यासारखीच नसेल, उदाहरणार्थ ज्याच्याशी बोलणं धोक्याचं आहे त्याची माफी मागायला सांगितलं असेल, तर तिथल्या तिथे बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे.

काही जण याच्या उलट टोकाला असतात. एकदा क्षमा झालेलं पाप दर आठवड्याला, निरनिराळ्या फादरांकडे. त्यांनी एकच फादर धरावेत आणि जुनं उकरणं त्यांच्या सांगण्यावरून थांबवावं. अशा माणसाला आणखी कन्फेशन देणं म्हणजे खरूज खाजवणं.

इतर चर्चमध्ये

सी.एन.आय.च्या उपासनेत सामुदायिक पापांगीकार असतो आणि पाळक क्षमेची घोषणा करतात. शब्द मिस्सातल्यासारखेच वाटतात, पण तिथे तेवढ्याने काम पुरं होतं. खाजगी कन्फेशनबद्दल अँग्लिकन परंपरेतलं जुनं सूत्र आहे: मुभा सर्वांना, सक्ती कोणालाही नाही, काहींनी मात्र करावंच. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने खाजगी कन्फेशन मोडीत काढलं असं सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लूथरनांच्या विश्वासाच्या मूळ जाहीरनाम्यात, ते राखलेलं आहे. काढली ती सगळी पापं मोजून सांगण्याची सक्ती.

पेंटेकोस्टल आणि इतर स्वतंत्र मंडळ्यांत माणूस थेट देवापाशी बोलतो आणि मग कधी सगळ्यांसमोर. 1905 साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवनाची (धार्मिक जागृतीची) जी लाट आली, तिच्यात मुली रडत, मोठ्याने पापं कबूल करत होत्या. मंडळीसमोर बोलणार असाल तर एक पथ्य पाळा: दुसऱ्याची अब्रू जाईल असं काही बोलू नका. तिथे गुप्ततेचा नियम नाही, आणि मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे.

ऑर्थोडॉक्स रीतीत बहुधा ख्रिस्ताच्या चित्रासमोर, शुभवर्तमान आणि क्रूसापाशी उभं राहून बोलतात. धर्मगुरू बाजूला, साक्षीदारासारखे. पाप त्यांच्याकडे गुन्ह्यापेक्षा आजार म्हणून पाहिलं जातं, आणि आदामाकडून आपल्याला मरण आलं, त्याचा दोष नव्हे, असं ते शिकवतात. म्हणून तारण म्हणजे देवाच्या जीवनात हळूहळू सामील होणं.

‘तुझं तारण झालंय का?’ असं पेंटेकोस्टल चुलतभावाने विचारलं की कॅथलिक माणूस गांगरतो. भाऊ एका दिवसाबद्दल विचारत असतो, ज्या दिवशी विश्वास ठेवला आणि नवा जन्म झाला. कॅथलिक उत्तर तिन्ही काळांत आहे: बाप्तिस्म्यात झालं, होतं आहे, आणि पुरं होईल ही आशा. मिळालेलं हरवू शकतं का? कॅथलिक आणि वेस्लीचे मेथडिस्ट म्हणतात, हो. 1618-19 च्या डॉर्ट परिषदेच्या वाटेने जाणारे कॅल्विनवादी म्हणतात, खऱ्या निवडलेल्याचं हरवत नाही. कन्फेशनची गरज कोणाला किती वाटते, हे या उत्तरावर बरंच ठरतं.

वादात इफिसकरांस 2:8-9 (तारण कृपेने, कृत्यांनी नव्हे) विरुद्ध याकोब 2:24 (केवळ विश्वासाने नव्हे, कृत्यांनीही) अशी फेकाफेकी करू नका. 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन यांनी नीतिमान ठरण्याविषयी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आहेत: आपण स्वीकारले जातो ते केवळ कृपेने, आणि सत्कृत्यं हे त्याचं फळ. 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात आले. संस्कार आणि धर्मगुरूचा अधिकार हे प्रश्न मात्र त्याने सुटलेले नाहीत. भावाशी बोलायचं तर ते बोला.

रुग्णासाठी

घरात कोणी अत्यवस्थ असेल तर बोलता येतंय तोवर फादरांना बोलवा. ‘घाबरतील’ म्हणून घरचे थांबतात, आणि फादर पोचतात तेव्हा रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. वाचा गेली असली तरी हाताच्या खुणेने, मान हलवून कन्फेशन होतं. खोलीतल्या बाकीच्यांनी तेवढा वेळ बाहेर थांबायचं. मरणाच्या धोक्यात कोणत्याही धर्मगुरूला, धर्मगुरूपद सोडलेल्यालासुद्धा, पापमुक्ती देता येते (कलम 976). कोणीच पोचू शकत नसेल तर देवावरच्या प्रेमापोटी केलेला पूर्ण पश्चात्ताप, आणि जमेल तेव्हा कन्फेशन करीन हा निश्चय, एवढं पुरेसं धरलं जातं. त्या वेळी रुग्णाच्या कानाशी पश्चात्तापाची प्रार्थना सावकाश म्हणा, लहान वाक्यांत, म्हणजे त्याला मनातल्या मनात मागे म्हणता येईल.