चालकाची बॅकरेस्ट बसवताना या चुका टाळा

पुण्याच्या नाना पेठेतून बॅकरेस्ट, म्हणजे मोटरसायकल चालवणाऱ्याच्या कंबरेला टेकू देणारी गादी आणायची, संध्याकाळी गॅरेजमध्ये घाईने बसवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे महाबळेश्वरच्या रस्त्याला लागायचे, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. अशी बॅकरेस्ट पुष्कळदा परतीच्या वाटेवर सॅडलबॅगेत असते आणि तिच्या मालकाची कंबर आधीपेक्षा जास्त दुखत असते.

सर्वांत मोठी चूक मापाची आहे. गाडी स्टँडवर उभी असताना, अंगात साधा टी-शर्ट असताना मागे रेलून पाहिले की बरे वाटते आणि त्याच जागी बोल्ट आवळले जातात. प्रवासात मात्र अंगात जॅकेट असते आणि त्याच्या पाठीत बोटभर जाडीचा प्रोटेक्टर असतो, त्यामुळे तीच गादी माणसाला पुढे टाकीकडे ढकलू लागते. मी नेहमी पूर्ण पेहरावात, पाय फूटरेस्टवर आणि कोपरे किंचित वाकवून बसतो, कोणाला तरी गाडी धरायला सांगतो आणि कंबर व गादी यांच्यामध्ये आडवा तळहात जेमतेम सरकेल इतकेच अंतर ठेवतो. गादीचा मध्य पट्ट्याच्या किंचित वर, कंबरेच्या खोलगट भागात यायला हवा. उंच गादी दिसायला आरामखुर्चीसारखी असली, तरी ती खांदे पुढे लोटते आणि कंबर अधांतरीच राहते.

दुसऱ्या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. माझ्या 350 सीसीच्या गाडीला एका गॅरेजमध्ये बॅकरेस्टचे ब्रॅकेट सीटखालच्या पातळ पत्र्यावर दोन साध्या नटांनी बसवून मिळाले, आणि मीही सीट उचलून न पाहता निघालो. वाई सोडून पसरणी घाट चढताना एका वळणावर मी मागे टेकलो, तोच गादी चार बोटे मागे गेली. तोल मागे जाताच हात ताणले गेले, उजवे मनगट वळले, थ्रॉटल उघडला आणि गाडी समोरून उतरणाऱ्या एसटीच्या बाजूला ओढली गेली. कशीबशी कडेला घेऊन सीट उचलली, तेव्हा एक बोल्ट गायब होता आणि दुसऱ्याचे भोक घासून लांबट झाले होते. त्याच्या कडा नव्या नाण्यासारख्या चमकत होत्या.

एकाच सिलिंडरच्या इंजिनाचे कंपन साधा नट हळूहळू सैल करते. म्हणून ब्रॅकेट फ्रेमवर मुळातच असलेल्या बोल्टच्या जागीच धरावे आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे) वापरावेत. मी नट आवळल्यावर नट आणि ब्रॅकेट यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढतो. ती रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे हे पाना न लावताही कळते. पहिल्या 50 किलोमीटरनंतर ही तपासणी मी कधीच चुकवत नाही. फ्रेमला भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे हा मिस्त्री सुचवतो तो सोपा मार्ग आहे, पण त्याने फ्रेमच्या नळीची ताकद कमी होते. एका दुपारची बचत करण्यासाठी हे कोणीही करू नये.

सीटच्या रेक्झिनला छेद दिला, तर ताम्हिणी घाटातल्या एका पावसात फोम पाणी पितो आणि कित्येक दिवस सुकत नाही. हिंजवडीला रोज पाठीवर सॅक घेऊन जाणाऱ्यांना बॅकरेस्टचा उपयोग नाही, कारण गादीला सॅक टेकते, कंबर नव्हे. पुढे झुकून चालवायच्या स्पोर्ट्स बाइकवर तर पाठ गादीपर्यंत पोहोचतच नाही.

मागे कोणी बसणार असेल, तर ब्रेक लावताच गादीची मागची कड त्याच्या पोटात रुतते. माझी बॅकरेस्ट दोन स्क्रू फिरवले की निघते, आणि पत्नी सोबत असते त्या दिवशी ती घरीच राहते.